अलेक्झांडरच्या खाती जमा झालेले श्रेय

अलेक्झांडरने पूर्व आणि पश्चिम जोडली. ग्रीक भाषा, कला आणि शास्त्रे त्याने आशियाभर नेली. साम्राज्य मोडले तरी त्याने पेरलेले पुढे शतकानुशतके उगवत राहिले. शालेय पाठ्यपुस्तकांपासून जाडजूड संदर्भग्रंथांपर्यंत हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासून घ्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ग्रीक भाषा नाईलच्या खोऱ्यापासून आमूदर्याच्या काठापर्यंत पोहोचली आणि तिथे टिकली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो श्रेयाचा. जे टिकले त्यातला फार थोडा भाग अलेक्झांडरच्या हातचा होता. बराचसा भाग त्याच्या आधीच्या इराणी साम्राज्याने तयार करून ठेवलेला होता. आणि जो भाग सर्वांत मोलाचा, तो साम्राज्य असल्यामुळे नव्हे तर मोडल्यामुळे जन्माला आला.

या समजुतीची वंशावळ काढता येते. पहिले नाव प्लुटार्कचे. अलेक्झांडरनंतर चारशे वर्षांनी लिहिताना त्याने हिशेब मांडला की या राजाने सत्तरहून अधिक नगरे वसवली, रानटी लोकांना रीत शिकवली, आणि त्याच्यामुळे इराणची व गेड्रोशियाची मुले सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटके गाऊ लागली. गेड्रोशिया म्हणजे आजचा मकरानचा रखरखीत किनारा. इ. स. पू. ३२५मध्ये अलेक्झांडरच्या सैन्यातली माणसे जिथे तहानेने पटापट मेली, तिथली पोरे त्याच्या कृपेने शोकांतिका गात होती, हे वाचून प्लुटार्कच्या वक्तृत्वाची दाद द्यावी. इतिहास म्हणून ते घेऊ नये. सत्तर नगरांचेही तेच. पी. एम. फ्रेझर यांनी १९९६ साली या नगरांवरचा सगळा पुरावा चाळून पाहिला, तेव्हा खात्रीने अलेक्झांडरची म्हणता येतील अशी नगरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली.

दुसरे नाव योहान गुस्ताव ड्रॉयझेन या जर्मन इतिहासकाराचे. १८३३ साली त्याचे अलेक्झांडर-चरित्र आले आणि पुढच्या दशकभरात त्याने अलेक्झांडरनंतरच्या तीन शतकांना ‘हेलेनिस्टिक’ युग म्हणून वेगळी ओळख दिली. ही कामगिरी मोठीच होती. पण प्रशियाच्या नेतृत्वाखाली जर्मनी एक व्हावा असे वाटणाऱ्या या माणसाला मॅसिडोनियाने फुटीर ग्रीक नगरराज्यांना एकत्र आणल्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. तिसरे नाव डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांचे. राष्ट्रसंघाच्या काळात, १९३३ साली, त्यांनी लंडनच्या व्याख्यानात अलेक्झांडरला मानवजातीच्या एकतेचा पहिला स्वप्नद्रष्टा ठरवले. आधार कोणता, तर ओपिस येथील मेजवानीतली एक प्रार्थना. १९५८ साली अर्न्स्ट बेडियन यांनी तीच प्रार्थना मूळ संदर्भात ठेवून दाखवले की तिथे मागितलेली एकी मॅसिडोनियन आणि इराणी या दोघांची, आणि तीही राज्य करण्यापुरती होती. बाकीच्या मानवजातीचा उल्लेख तिथे नाही. विद्वानांच्या वर्तुळात टार्न यांचे मत तेव्हाच मागे पडले. लोकप्रिय पुस्तकांत ते अजून सुखाने नांदते.

इ. स. पू. ३२३च्या जूनमध्ये अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये मरण पावला तेव्हा प्रत्यक्षात काय उभे होते, हे पाहिले म्हणजे खरा हिशेब सुरू होतो. तेरा वर्षांच्या कारकिर्दीतली जवळजवळ अकरा वर्षे तो मोहिमेवर होता. त्याने नवी राज्यव्यवस्था उभारली नाही, कारण उभारण्याची गरजच पडली नाही. प्रांत इराणी साम्राज्याचेच राहिले, त्यांच्या अधिकाऱ्यांचे पद क्षत्रपाचेच राहिले, महसूल पूर्वीच्याच वहिवाटीने गोळा होत राहिला. गौगामेलाच्या लढाईत इराणचा सम्राट तिसरा दारयवहु याच्या बाजूने लढलेल्या मझाइओसलाच त्याने बॅबिलोनचा क्षत्रप नेमले. सार्डिसपासून सुसापर्यंतचा राजमार्ग तर दीडशे वर्षांपूर्वीच वाहता होता. हेरोडोटसने त्यावरचे १११ मुक्काम मोजून नोंदवले आहेत. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच लागू पडली असेल. इराणी साम्राज्याचे फ्रेंच इतिहासकार पिएर ब्रियाँ यांनी अलेक्झांडरला ‘शेवटचा हखामनी’, म्हणजे त्या साम्राज्याच्या राजघराण्यातला शेवटचा, म्हटले ते यामुळेच.

त्याने स्वतः सुरू केलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले, हे तर आणखी बोलके आहे. इ. स. पू. ३२४मध्ये सुसा येथे त्याने आपल्या सुमारे ऐंशी सरदारांची लग्ने इराणी खानदानी मुलींशी थाटामाटात लावली. पूर्व-पश्चिम संगमाचा दाखला म्हणून हा प्रसंग हमखास सांगितला जातो. राजाच्या मृत्यूनंतर यातल्या बहुतेक सरदारांनी त्या बायकांशी संसार केला नाही. संसार टिकवणारा ठळक अपवाद सेल्यूकस, आणि त्याच्याविषयी पुढे बोलावे लागणार आहे. पश्चिम भूमध्य समुद्राकडच्या मोहिमांचे बेत त्याच्या कागदांत सापडले. त्याचा सेनापती पर्डिकस याने ते सैन्यापुढे वाचून दाखवले आणि सैन्याने ते रद्द केले. राजाचे प्रेत अजून बॅबिलोनमध्येच होते.

सर्वांत बोलका दाखला बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाचा आहे. तिथल्या लष्करी वसाहतींत अलेक्झांडरने हजारो ग्रीक भाडोत्री सैनिक ठेवले होते. ते राहिले भीतीपोटी. राजा मेल्याची खात्री होताच ते उठले. ग्रीक इतिहासकार डिओडोरसच्या नोंदीप्रमाणे वीस हजारांहून अधिक पायदळ आणि तीन हजार घोडदळ घराच्या वाटेला लागले. त्यांना ग्रीक चालीरीतींची आणि ग्रीक जगण्याची ओढ लागली होती, असे कारणही तो देतो. पर्डिकसने पाठवलेल्या पाइथॉन या सरदारापुढे त्यांनी शरणागती पत्करली, आणि शस्त्रे खाली ठेवलेल्या या लोकांना मॅसिडोनियन सैनिकांनी कापून काढले. ज्यांनी पूर्वेत ग्रीक संस्कृती पेरली असे सांगितले जाते त्या पहिल्या पिढीतल्या मोठ्या जथ्याची ही गत झाली. बॅक्ट्रियात ग्रीक संस्कृती पुढे खरोखर बहरली, पण दुसऱ्याच लोकांच्या हातून आणि दुसऱ्याच कारणांनी.

प्रवाह अलेक्झांडरपासून सुरू झाला, हेही खरे नाही. इजिप्तमध्ये नौक्रातिस ही ग्रीक व्यापाऱ्यांची पेठ त्याच्या जन्माआधी अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू होती. कारियाचा मौसोलस हा इराणचा क्षत्रप. तो ग्रीक भाषेत शिलालेख कोरवत होता, ग्रीक शिल्पकारांनी सजवलेली त्याची समाधी जगातल्या आश्चर्यांत मोजली गेली, आणि तो अलेक्झांडर तीन वर्षांचा असताना वारला. लिसियातल्या लेटून या देवस्थानात १९७३ साली एक शिलालेख सापडला. नव्या देवतेच्या पूजेची आणि तिच्या जमिनीची सोय लावणारा तो साधा कागदोपत्री मजकूर आहे, पण तो लिसियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांत कोरलेला आहे. त्याचा काळ बहुधा इ. स. पू. ३३७, अलेक्झांडरने समुद्र ओलांडायला अजून तीन वर्षे होती. इराणी अमलाखाली, इराणी क्षत्रपाच्या नावाने ग्रीक भाषा कचेरीत येऊन बसलेली होती. खुद्द इराणी सम्राट ग्रीक वैद्य पदरी ठेवत आणि ग्रीक सैनिक पगारावर घेत.

तरीही अलेक्झांडरच्या खाती काहीच जमा होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन गोष्टी निःसंशय त्याच्या आहेत. पहिली, त्याने हखामनी घराणे संपवले आणि त्या जागी बसू शकेल असा धडधाकट वारस मागे ठेवला नाही. दुसरी, सुसा, पर्सेपोलिस आणि एक्बटाना येथील राजवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली गंगाजळी त्याने बाहेर काढली. स्ट्राबो एकट्या एक्बटानात एकत्र केलेला आकडा एक लाख ऐंशी हजार टॅलेंट असा देतो. ही चांदी टांकसाळीत गेली, अथेन्सच्या वजनाची नाणी पडली, आणि सिंहाचे कातडे पांघरलेल्या हेराक्लीसचे तोंड असलेले ते नाणे इतके चालले की अलेक्झांडर मेल्यावरही दोन शतकांहून अधिक काळ अनेक नगरे त्याच्याच नावाने ते पाडत राहिली. कारण साधे होते: भाडोत्री सैनिक ते नाणे ओळखत. एकच वजन, एकच चांदी आणि सगळीकडे चालणारा पैसा, हा त्याच्या स्वारीचा सर्वांत ठोस परिणाम आहे. पुस्तकांतला सांस्कृतिक संगम त्यापुढे फिका आहे.

आता साम्राज्याच्या मोडण्याकडे. ३२३नंतर चाळीस वर्षे सेनापती एकमेकांशी लढत राहिले. अलेक्झांडरचा मुलगा चौथा अलेक्झांडर, जो बापाच्या मृत्यूनंतर जन्मला, त्याला कॅसँडरने ३१०च्या सुमारास आईसकट मारवले. ३०१मध्ये इप्सस येथे सेनापती अँटिगोनस पडला आणि अखंड साम्राज्याचा शेवटचा दावेदार संपला. उरले ते इजिप्तमध्ये टॉलेमी, आशियात सेल्यूकस, आणि मॅसिडोनियात अखेर अँटिगोनसचे वंशज. यांच्यापैकी कोणाकडेही जन्माने आलेला हक्क नव्हता. ते परके होते, संख्येने थोडे होते, शेजारी वैरी होते आणि सैनिक सतत हवे होते. हक्क नसलेल्या राजाला तो मिळवावा लागतो, किंवा विकत घ्यावा लागतो. पुढच्या तीन शतकांतली बहुतेक चमकदार कामे या गरजेतून झाली.

टॉलेमीने सुरुवात केली ती प्रेत पळवून. मॅसिडोनियाकडे निघालेली अलेक्झांडरची अंत्ययात्रा त्याने ३२१मध्ये सीरियात वळवली. प्रेत आधी मेंफिसला आणि मग अलेक्झांड्रियाला नेले. अलेक्झांड्रियाची जागा अलेक्झांडरने ३३१मध्ये निवडली होती हे खरे, पण ज्या शहरासाठी जग अलेक्झांड्रियाचे नाव घेते ते शहर टॉलेमी घराण्याने बांधले. दीपस्तंभ त्यांचा, विद्यापीठ त्यांचे, ग्रंथालय त्यांचे. युक्लिड तिथे होता तो पहिल्या टॉलेमीच्या काळात. पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या एराटोस्थेनिसला ग्रंथपाल म्हणून बोलावले तिसऱ्याने. विद्येची आवड हे एक कारण असेल. पण सेल्यूकसच्या घराण्याचे अँटिओक आणि पुढे पर्गामम या वैऱ्यांपेक्षा आपला दरबार उजवा दिसावा ही चढाओढ त्याहून बलवत्तर होती. एकाच सम्राटाच्या एकाच राजधानीत ही चढाओढ कोणाशी झाली असती?

ग्रीक भाषा इजिप्तच्या खेड्यांत उतरली तीही अशीच, तत्त्वज्ञानाच्या नव्हे तर महसुलाच्या वाटेने. सैनिकांना पगाराऐवजी वतनी जमिनी दिल्या गेल्या, त्या मोजायला आणि त्यांचा सारा लिहायला कारकून लागले, आणि ग्रीक लिहिता येणाऱ्याला काम मिळू लागले. दुसऱ्या टॉलेमीच्या कचेरीने ग्रीक अक्षरे शिकवणाऱ्या शिक्षकांना मिठावरच्या करातून सूट दिली होती. ही बारीकशी करसवलत प्लुटार्कच्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त सांगून जाते. उलट बाजूने इजिप्शियन पुरोहितांनीही आपली किंमत वसूल केली. इ. स. पू. १९६चा रोझेटा शिलालेख आज लिपीच्या उलगड्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावरचा मजकूर मात्र पाचव्या टॉलेमीने देवळांना दिलेल्या सवलती आणि त्या बदल्यात पुरोहितांनी त्याला दिलेले देवत्वाचे मान, असा रोखठोक व्यवहार आहे. ग्रीकांनी दिले आणि इजिप्तने घेतले, हे चित्र त्यात बसत नाही.

सेल्यूकसची गोष्ट आणखी पुढची. सुसाच्या लग्नांतली त्याची बायको अपामा ही सोग्दियाच्या स्पितामेनिसची मुलगी. म्हणजे ज्या सरदाराने अलेक्झांडरला मध्य आशियात दोन वर्षे सळो की पळो करून सोडले त्याची. तिचा मुलगा पहिला अँटिओकस. मध्य आशियात ग्रीक वसाहती दुसऱ्यांदा, आणि या वेळी टिकाऊपणे, वसल्या त्या या बापलेकांच्या काळात. त्यांत आईच्या मुलुखाशी असलेल्या नात्याचा वाटा असणार. बॅबिलोनियात याच अँटिओकसने इ. स. पू. २६८मध्ये बोर्सिप्पाच्या एझिदा देवळाची पायाभरणी केली. पायात पुरलेली मातीची नळकांडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर हा मॅसिडोनियन बापाचा मुलगा जुन्या वळणाच्या कीलाक्षरांत, अक्कादी भाषेत, स्वतःला बॅबिलोनचा राजा आणि देवळांचा पोशिंदा म्हणवतो, आपल्या हातांनी पहिली वीट घडवल्याचे सांगतो आणि नबू देवाकडे दीर्घ राज्य मागतो. नबुखद्नेसरच्या लेखाशी त्याची भाषा मिळतीजुळती आहे. उरुकमध्ये त्याच शतकात अनु-उबल्लित नावाचा अधिकारी होऊन गेला. राजाने त्याला निकार्कोस असे ग्रीक नाव बहाल केले होते, आणि त्याने ते नाव लावून आपल्या जुन्याच देवाचे देऊळ नव्याने बांधले. कोण कोणाला शिकवत होते, हे अशा लेखांतून एका ओळीत सांगता येत नाही.

सेल्यूकसच्या घराण्याची खरी दूरगामी देणगी मात्र कालगणना आहे. तोवर वर्षे राजागणिक मोजली जात: अमुक राजाचे सातवे वर्ष, तमुक राजाचे पहिले. सेल्यूकसने ३१२-३११पासून, म्हणजे बॅबिलोन पुन्हा हाती आल्यापासून, वर्षे मोजली. तो २८१मध्ये मारला गेला तेव्हा अँटिओकसने आकडा पुन्हा एकपासून सुरू केला नाही. मोजणी तशीच पुढे चालू ठेवली. राजा बदलला तरी न थांबणारी वर्षांची ओळ एवढ्या मोठ्या प्रदेशात सरकारी व्यवहारात प्रथमच आली. अशोकाचे लेख राज्याभिषेकापासूनची वर्षे सांगतात, सातवाहनांचेही तसेच. सलग चालणारे शक भारतात दिसू लागतात ते यवन (म्हणजे ग्रीक), शक आणि कुषाण यांच्या राजवटींनंतर. म्हणून अनेक अभ्यासक सेल्यूसिड मोजणी आणि भारतातले शक यांचा संबंध जोडतात. इ. स. ७८पासूनचा शालिवाहन शक महाराष्ट्राच्या पंचांगात आजही छापला जातो. त्या कल्पनेच्या उगमाकडे जाताना वाटेत कोणी यवन राजा लागतोच, पण तो अलेक्झांडर नव्हे.

बॅक्ट्रियात आमूदर्या आणि कोकचा यांच्या संगमावर ऐ-खानूम हे नगर होते. पॉल बर्नार यांच्या फ्रेंच पथकाने १९६५ ते १९७८ या काळात ते उकरून काढले. नाट्यगृह, व्यायामशाळा, आणि नगर वसवणाऱ्या किनेआसच्या समाधीवर डेल्फीहून उतरवून आणलेली बोधवचने, असा अस्सल ग्रीक सरंजाम तिथे सापडला. पण त्याच नगराचे मुख्य देऊळ मेसोपोटेमियाच्या धाटणीचे आहे आणि राजवाडा इराणी पद्धतीचा. हे नगरही सेल्यूसिडांच्या काळात आकाराला आले असे बहुतेकांचे मत आहे. इथे १९७० साली सापडलेल्या निधीत राजा अगाथोक्लीसची सहा चौकोनी चांदीची नाणी होती. काळ इ. स. पू. १८०च्या आसपासचा. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरांत राजाचे नाव आणि हातात नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम. दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत तेच नाव आणि चक्रधारी वासुदेव. दोघांच्याही डोक्यावर छत्रीसारखे शिरस्त्राण. गोल आकार आणि अथेन्सचे वजन सोडून राजाने भारतीय नाण्याचा आकार आणि वजन पत्करले आहे. कृष्ण-बलरामांच्या ओळखू येतील अशा सर्वांत जुन्या मूर्तींत या नाण्यांची गणना होते, आणि ती पाडणारा राजा ग्रीक आहे. अलेक्झांडर जाऊन तेव्हा जवळपास दीडशे वर्षे लोटली होती.

भारताच्या बाबतीत उलट टोकाचा दावाही ऐकू येतो, आणि तोही तितकाच कच्चा आहे. व्हिन्सेंट स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले की स्वारीने भारत बदलला नाही. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांनी ते आनंदाने उचलले, आणि वादळ आले, गेले, मागे काही उरले नाही असे ठरून गेले. संस्कृत, पाली वा प्राकृत जुन्या साहित्यात अलेक्झांडरचा स्पष्ट उल्लेख नाही, हे बरोबर आहे. स्वारीपुरता हा निवाडा मान्य करता येतो. पण स्वारी आणि स्वारीनंतरच्या राज्यांचे शेजारपण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चंद्रगुप्ताशी तह करून पाचशे हत्ती घेणारा सेल्यूकस, पाटलिपुत्रात राहिलेला मेगॅस्थेनिस, अशोकाने तेराव्या शिलालेखात नावे घेतलेले पाच यवन राजे, हे सगळे मोडलेल्या साम्राज्याच्या तुकड्यांतले लोक आहेत. कंदाहारला १९५८ साली सापडलेला अशोकाचा लेख दोन भाषांत आहे: वर ग्रीक, खाली अरामी. अरामी ही हखामनी कचेरीची भाषा. हखामनी राज्य बुडून सत्तर वर्षे झाली तरी तिचे वाचक तिथे होते. एकाच खडकावर दोन साम्राज्यांचा वारसा, आणि तो वापरणारा तिसऱ्याच साम्राज्याचा सम्राट.

गांधार शिल्पाचे श्रेयही असेच घाईने दिले जाते. ती कला बहरली कुषाणांच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत. तिच्यात बॅक्ट्रियाच्या ग्रीकांइतकाच रोमशी चाललेल्या व्यापाराचा हात आहे. बुद्धमूर्ती ग्रीकांनी दिली या आल्फ्रेड फूशे यांच्या मताला आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली मथुरेच्या यक्षमूर्ती पुढे करून उत्तर दिले; तो वाद पूर्ण मिटलेला नाही, पण चारशे वर्षांपूर्वी पंजाबातून परतलेल्या राजाला त्यात ओढण्याचे कारण नाही. कुषाणांनी ग्रीकांकडून जे घेतले त्याचा पक्का पुरावा कला नसून लिपी आहे. १९९३ साली सापडलेल्या रबातक शिलालेखात कनिष्काने ग्रीक आज्ञापत्र काढून नंतर ते ‘आर्य’ भाषेत, म्हणजे बॅक्ट्रियनमध्ये केल्याचे नमूद आहे. भाषा बदलली, अक्षरे ग्रीकच राहिली. ‘श’ या उच्चाराला ग्रीकांत चिन्ह नव्हते, म्हणून एक जादा अक्षर बनवले गेले.

दख्खनपर्यंत जे पोहोचले ते याच लांबच्या वाटेने. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले आहेत. जुन्नरला यवनांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप करून दिले. नाशिकच्या लेण्यांत सतराव्या लेण्याचा दाता धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा यवन म्हणवतो. यातला प्रत्येक यवन वंशाने ग्रीक असेल असे नाही, आणि नावे तर पुरती इथलीच झाली आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षहरात राजा नहपानाची. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, पण भाषा ग्रीक नाही; ‘राजा क्षहरात नहपानाचे’ हेच प्राकृत शब्द ग्रीक लिपीत घातले आहेत, आणि कारागिरांच्या हातून पुढे ती अक्षरेही बिघडत गेलेली दिसतात. मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. वजन उत्तरेतल्या ग्रीक राजांच्या अर्ध्या द्रम्माला जवळचे. यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला: डोंगराचे चिन्ह आणि उज्जैनचे चिन्ह. खालच्या बिघडलेल्या ग्रीक अक्षरांचे अवशेष काही नाण्यांवर अजून वाचता येतात.

अलेक्झांडरचे नाव भारतात घरोघरी पोहोचले ते तर आणखी उशिरा आणि दुसऱ्याच दारातून. सिकंदर म्हणून जो इथे माहीत झाला तो फार्सी काव्यांतला, फिरदौसी आणि निजामी यांचा नायक. अलाउद्दीन खिलजीने नाण्यांवर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवले तो त्याच्यावरून. ज्या इराणात जरथुष्ट्री परंपरा त्याला शापित म्हणून आठवते, त्याच इराणच्या कवींनी त्याला दारयवहुचा सावत्र भाऊ ठरवून आपल्या घराण्यात बसवून घेतले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: अलेक्झांडर नसता तर टॉलेमी इजिप्तमध्ये आणि सेल्यूकस बॅबिलोनमध्ये गेलेच नसते, म्हणून मूळ श्रेय त्याचेच. हा आक्षेप कारण आणि कर्तृत्व यांची गल्लत करतो. बंद घराचे दार फोडणारा घराची मांडणी करत नाही. शिवाय हाच न्याय लावायचा तर श्रेय त्याचा बाप फिलिप याला द्यावे लागेल, कारण सैन्य त्याने घडवले. आणि त्याहून आधी सायरस व पहिला दारयवहु यांना, कारण जिंकण्याजोगे एकसंध राज्य त्यांनी उभारले. विजेत्याला शेवटच्या परिणामापर्यंतचे श्रेय द्यायचे असेल, तर थीब्ज आणि टायर येथील कत्तली, पर्सेपोलिसची आग, सोग्दिया आणि मुलतानकडच्या मल्ल मुलुखातला नरसंहार हेही त्याच खात्यावर तितक्याच ठळकपणे मांडावे लागतील. संगमाची भाषा बोलणारे लेखक हे पान सहसा चाळत नाहीत.

परिणाम संपले तेही एकदम नव्हे, आणि राजकीय सत्तेबरोबर तर नव्हेच. टॉलेमींचे राज्य इ. स. पू. ३०मध्ये क्लिओपात्राबरोबर बुडाले, सेल्यूसिडांचे त्याच्या तीन दशके आधी. कीलाक्षरांतली शेवटची तारीख असलेली ज्योतिषाची पाटी इ. स. ७५च्या सुमाराची आहे. सेल्यूसिडांनी पोसलेल्या देवळांतल्या निरीक्षकांची ती परंपरा. पार्थियन राजे इराणी होते, तरी नाण्यांवर ग्रीक लिहीत आणि ‘ग्रीकप्रेमी’ ही पदवी मिरवत; इ. स. पू. ५३मध्ये रोमन सेनापती क्रासस पडला तेव्हा त्याचे मुंडके युरिपिडीसच्या नाटकाच्या प्रयोगात आणले गेले, अशी हकीकत खुद्द प्लुटार्कच देतो. यहुदियात अँटिओकसच्या घराण्याविरुद्ध इ. स. पू. १६७मध्ये उठाव झाला, पण यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर अलेक्झांड्रियात त्याआधीच सुरू झाले होते आणि ख्रिस्ती नवा करार लिहिला गेला तो ग्रीकमध्ये. दमास्कसच्या खलिफांच्या कचेरीत हिशेब ग्रीकमध्ये लिहिले जात. खलिफा अब्द अल-मलिकने इ. स. ७००च्या सुमारास ते अरबीत आणले, आणि इजिप्तमधला बदल त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला. बॅक्ट्रियन भाषा ग्रीक अक्षरांत लिहिणारे शेवटचे लेखनिक त्याहीनंतर शे-दीडशे वर्षे होते. सेल्यूकसची वर्षमोजणी सीरियाई ख्रिस्ती लेखकांनी ‘यवनांचे वर्ष’ म्हणून मध्ययुगभर चालवली. ज्यूंच्या व्यवहारपत्रांत ती आणखी टिकली, आणि येमेनमधल्या ज्यू समाजाने अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत आपल्या दस्तांवर तिच्याच हिशेबाने तारखा घातल्या.